विहिरीतला कॅमेरा

हवालदार तानाजीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कॅमेरा काढला आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मैनुद्दीनच्या काउंटरवर ठेवला. उमापूरच्या शिवारात एका विहिरीतला गाळ काढताना तो वर आला होता. चिखल वाळून त्याचा पार दगड झाला होता.

"चाचा, नेकनूरच्या बजरंग फोटोग्राफरचा हाय का, एवढंच सांगा. त्याचा असला तर उद्या पंप लावून विहीर तळापर्यंत उपसायची. नसला तर इषय संपला."

बाकड्यावर बजरंगची बायको सत्यशीला बसली होती. अकरा वर्षांपूर्वी बजरंग लग्नाचे फोटो काढायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. जाताना गळ्यात वडिलांचा जुना रशियन कॅमेरा होता. बीडमध्ये दुरुस्तीला त्या कॅमेऱ्याला हात लावायचा तो एकट्या मैनुद्दीननेच.

मैनुद्दीनने ब्रशने चिखल झाडला. झोर्की-चार. बजरंगचाही झोर्की-चारच. त्याने कॅमेरा उलटा केला. मागच्या बाजूचा नंबर गंजाने खाऊन टाकला होता.

"नंबर गेला," तो म्हणाला.

"मंग कसं कळनार?"

"सबूर करा, साहेब. दिसायला एक, पण सगळे सारखे नसतात. कारखान्यानं दर दोन-चार वर्सांला काही ना काही बदललं. बजरंगचा पयल्या पयल्यांतला. त्याला पट्टा अडकवायला दोन्ही अंगांना कड्या होत्या. अन् स्पीडच्या चकतीवरचे आकडे कोरलेले. त्यात काळा रंग मीच भरलता."

त्याने चाकूच्या टोकाने उजवी बाजू खरवडली. कडी नव्हती. तुटलीही असेल. डावी खरवडली. तिथंही सपाट; कडी कधी होती अशी खूणसुद्धा नाही.

सत्यशीला उठून काउंटरला येऊन उभी राहिली.

मैनुद्दीनने कापसाला स्पिरिट लावून चकती पुसली. भिंग डोळ्याला लावलं. अर्धेमुर्धे आकडे दिसले. त्यांच्यावरून त्याने अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. एकदा, दोनदा. नख कुठंच अडकलं नाही. आकडे नुसते छापलेले होते.

त्याने भिंग खाली ठेवलं.

"वहिनी, हा बजरंगचा न्हाई. लई मागनं निघालेला हाय हा. अल्लाची मेहेरबानी."

"चला, मिटलं," म्हणत तानाजीने कॅमेरा उचलायला हात पुढे केला.

त्याच्या आधी सत्यशीलाचा हात कॅमेऱ्यावर पडला. तिने तो परत मैनुद्दीनकडे सरकवला.

"भाऊ, पुना एकदा बगा ना," ती म्हणाली. "उद्या पंप लागू द्या. अकरा वर्सं झाली वाट बगून. काय ते एकदाचं कळू द्या."