लोहचुंबक
जुनी गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने खिशातून लोहचुंबक काढलं आणि मिस्त्री फडक्याने हात पुसत पुढे आला. चुंबक पत्र्याला चिकटतं, पण वर खड्डे बुजवायची पुट्टी थापलेली असली की गळून पडतं. वाकडेतिकडे पत्रे ठोकून सरळ करण्यात मिस्त्रीची हयात गेली होती, आणि त्याच्या कामावरून चुंबक आजवर कधी गळलं नव्हतं.

बॉनेटला ते चिकटलं. मडगार्डलाही चिकटलं. "आमच्या मिस्त्रींच्या हातचं काम आहे, बघून घ्या," गाडी विकायला काढणारा मुलगा खुशीत म्हणाला. गाडी त्याच्या वडिलांची, अण्णांची. ते स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसले होते, उतरायला तयार नव्हते.

चुंबक दाराकडे वळलं. मिस्त्रीने हातातलं फडकं घट्ट पिळलं.

चुंबक खणकन फरशीवर पडलं.

"हा पत्रा ठोकलाय की भिंत लिंपलीय?" गिऱ्हाईक चुंबक उचलून चालतं झालं.

"चाळीस वर्षांचं नाव घालवलंत, मिस्त्री," असं म्हणून मुलगा त्याच्यामागे धावला.

दोघं फाटकाबाहेर गेल्यावर अण्णांनी हळूच काच खाली केली. "किती लावलीस रे?"

"बोटभर." मिस्त्रीने त्याच फडक्याने कपाळावरचा घाम टिपला. "कधी लावायची सवय नाही ना, अण्णा. कमी पडते की काय, याचीच धास्ती होती."