अकरा थरांखालची राणी

डबीचं झाकण लागेना म्हणून रंगाऱ्याने ते रबर लावून आणलं होतं. घड्याळवाल्याने रबर काढलं, झाकण टुणकन उडालं आणि राणी बाहेर डोकावली.

राणी बोटभर उंचीची, शिशाची. हातात तलवार, पायाखाली पंखवाला मेलेला सरडा. घड्याळवाल्याच्या दुकानात, मागच्या टेबलावर, दर रविवारी असल्या राण्या, राक्षस आणि चेटकिणी रंगवणारे हौशी लोक जमत. घड्याळवाला ज्या पुतळीला ‘बरं’ म्हणेल ती भिंतीवरच्या काचेच्या कपाटात जाई. कपाटात सात पुतळ्या होत्या. त्यातल्या पाच त्याच्या स्वतःच्याच.

रंगाऱ्याचा हा बारावा रविवार. राणी तीच.

“हिला दिवस गेलेत की काय?” शेजारी चेटकिणीचं नाक रंगवत बसलेली बेकरीवाली म्हणाली.

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. तलवारीचं लाटणं झालं होतं. नाक गालांत बुडालं होतं. बोटांना हातमोजे चढले होते.

“काय केलंस हे?”

“तुम्ही सांगितलंत तेच.” रंगाऱ्याने खिशातून वही काढली. “पहिला रविवार, प्रायमर नाही. मारला. दुसरा, चिलखत मळकट. नवं चढवलं. तिसरा, सावल्या नाहीत. घातल्या. चौथा, सावल्या फार. काढल्या.”

“काढल्या म्हणजे कशा?”

“वरून एक हात मारला.”

“आणि खालचा रंग?”

“खालीच की. काका, तीस वर्षं भिंती रंगवतोय. धरलेला रंग खरवडायचा नसतो. वरून हात मारायचा, वार्निशने बंद करायचं. भिंतीने कधी तक्रार केली नाही.”

“भिंतीला नाक नसतं,” बेकरीवाली म्हणाली.

घड्याळवाला हसला नाही. “सगळं उतरव.”

रंगाऱ्याने वही मिटली. मग म्हणाला, “काका, मी रंगवलेल्या भिंतीकडे कोणी बघत नाही. तिच्यावरच्या फोटोकडे बघतात. म्हटलं, एक तरी वस्तू अशी करावी, की कोणी भिंग लावून बघेल. अकरा रविवार आहेत हिच्या अंगावर.”

“म्हणूनच तिला श्वास घेता येत नाहीये.”

घड्याळवाल्याने चिनी मातीच्या वाटीत रंग उतरवायचं औषध ओतलं, राणीला त्यात आडवी केली आणि काडीला कापूस गुंडाळून चोळायला घेतलं. आता इथून पुढचं ज्याला खोटं वाटेल त्याने बेकरीवालीला विचारावं. वार्निशने बंद केलेले थर ते, एकेक करून, शिस्तीत सुटू लागले.

“हा अकरावा,” रंगारी मान पुढे काढून म्हणाला. “हा दहावा, तुम्ही ओठ फिके म्हणालात तो. हा नववा, ओठ भडक.”

“बाई आहे का कांदा?” बेकरीवाली म्हणाली. पण तिनेही ब्रश खाली ठेवला होता.

राणी बारीक होत गेली. लाटण्यातून तलवार निघाली. बोटं सुटी झाली, पाचच्या पाच. दुसरा रविवार गेला. पहिल्या रविवारचा करडा प्रायमर कापसाला लागून आला आणि त्याच्याखालून एक चेहरा वर आला.

घड्याळवाल्याचा हात थांबला.

ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. नुकताच सरडा मारून दमलेली बाई भिंगातून थेट त्याच्याकडे बघत होती. ‘झालं माझं. आता तुझं काय?’ असं काहीतरी.

“हा कधीचा?”

“कुठला? मला इथून दिसत नाही.”

“प्रायमरच्या खालचा.”

“तो होय. तो तुमच्याकडे यायच्या आधीचा. एका दाराचा रंग उरला होता, त्यातून केला होता. नवशिक्याचा हात, काका. जाऊ दे तो.”

“मला दाखवला नाहीस.”

“दाखवला ना. तुम्ही भिंग लावलंच नव्हतं. तळाला पोपडा सुटलेला दिसला आणि म्हणालात, प्रायमर नाही, घेऊन जा.”

प्रायमर नव्हताच. त्यामुळे त्या चेहऱ्याला शिशावर धरून ठेवणारंही काही नव्हतं. त्याच्या कडा हलल्या. घड्याळवाल्याने चिमटा उचलला. चाळीस वर्षं केसासारख्या स्प्रिंगा उचलणारा चिमटा तो, पण आज वाटीच्या काठावर वाजला. दुसऱ्या खेपेला राणी वर आली.

चेहरा वाटीतच राहिला. औषधावर तो क्षणभर तरंगला, अख्खा, डोळ्यांसकट. मग ओठ आधी विरले. मग बाकीचं.

दुकानात पुढे पन्नासएक घड्याळं आपापली वेळ दाखवत होती.

घड्याळवाल्याने राणीला पुसलं. डोळे, ओठ, काही नसलेलं नुसतं शिसं. डबीत ठेवली. झाकण अलगद लागलं.

“कशी होती?” रंगाऱ्याने विचारलं.

घड्याळवाल्याच्या डोळ्याला अजून भिंग होतं. तो वाटीतल्या गढूळ औषधाकडे बघत होता.

“डावा डोळा किंचित वर होता.”

रंगाऱ्याने मान हलवली. वहीचं नवं पान काढलं, वर ‘रविवार बारावा’ लिहिलं, खाली डोळ्याचं लिहिलं.

“पुढच्या खेपेला सरळ करतो, काका.”

“खबरदार,” घड्याळवाला म्हणाला.