टाळी नको

आई पुन्हा त्याच ठिकाणी थांबली.

तिसऱ्या ओळीचा शेवटचा स्वर तिने लांबवला, तोंड उघडं ठेवून क्षणभर वाट पाहिली, आणि मान हलवली. ही चौथी वेळ. शुवाईने कानांवरचे हेडफोन काढले. 

"घसा दुखतोय का, आई?"

"नाही."

"शब्द आठवत नाहीत?"

"चाळीस वर्षं नाचणी झोडली या गाण्यावर. शब्द कसे विसरेन?" आईचा आवाज सकाळपेक्षा खरखरीत झाला होता. "पुढे जाताच येत नाही. पाय टाकावा तर पायरीच नाही, असं होतंय."

उद्या पहाटेच्या बसने दोघी मुतारेहून राजधानीला, हरारेला निघणार होत्या. परवा सकाळी आईचं स्वरयंत्र काढायचं होतं. डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं. श्वास घेता येईल, जेवता येईल, बोलण्याचं पुढे पाहू. गाणं नाही.

शुवाईने घड्याळ पाहिलं. तीन वीस. चारला लाइट जायची. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, लाइटबरोबर तोही बंद पडणार. मायक्रोफोन मामेभावाचा, आजच्यापुरता आणलेला. खिडकीला गादी उभी केली होती, दारावर ब्लँकेट टांगलं होतं आणि तोंडाची फुंकर अडवायला मायक्रोफोनपुढे तारेच्या हँगरवर जुना पायमोजा ताणून बसवला होता.

सकाळपासून एकेक चूक सापडत गेली होती. आधी लॅपटॉप मायक्रोफोन सोडून स्वतःच्याच पंख्याचा आवाज टिपत होता. मग फ्रिजची घरघर. मग आईने पहिल्याच ओळीला सवयीने ओंजळीची टाळी दिली, पडद्यावरची आवाजाची रेघ लाल झाली आणि आवाज फाटला.

"टाळी नको, आई. हात मांडीवर ठेव. मीही चूं करणार नाही."

तेव्हापासून आवाज स्वच्छ येत होता. आणि तेव्हापासूनच गाणं अडत होतं.

"पुन्हा," शुवाई म्हणाली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ते कळत नव्हतं. प्रत्येक वेळी आईच्या घशातलं थोडं थोडं संपत होतं, आणि ते संपवणारी तीच होती.

आई चटईवर पाय पसरून बसली होती. तिने डोळे मिटले. पहिली ओळ. दुसरी. तिसरीचा शेवटचा स्वर लांबला. शुवाईने श्वास रोखून धरला.

"हो-ये-ए!"

आवाज भिंतीपलीकडून आला, दणदणीत. आणि आई चौथी ओळ म्हणू लागली. पाचवीही म्हणाली.

शुवाई मात्र ताडकन उठून खिडकीशी गेली होती. तिने गादी बाजूला ओढली. "माई तफारा! अहो, रेकॉर्डिंग चाललंय इथे!"

शेजारच्या अंगणात माई तफारा ओले कपडे दोरीवर टाकत होती. "मग चालू दे की! दुपारपासून बघतेय, तुझी आई एकटीच हाका मारतेय आणि घरातून कोणी ओ देत नाही. अगं ए माई शुवाई," तिने आईला लेकीच्या नावाने हाक मारली, "लेकीला शाळेत घातलंस ते झील धरायचं विसरायला का गं?"

आई हसली. हसता हसता खोकली, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. तिने हातात धरलेल्या फडक्यावर लाल ठिपका होता. तिने ते फडकं दुमडून मांडीखाली सारलं. शुवाईने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तीन पस्तीस.

शुवाईने गादी पुन्हा उभी केली. हेडफोन घातले, बटण दाबलं आणि चटईवर आईसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तिसरी ओळ संपली तेव्हा ती "हो-ये" म्हणाली. आवाज कापरा आला. आईने त्यावर पाय ठेवला आणि पुढे गेली.

गाणं सहा मिनिटांचं होतं. शेवटी दोनदा आईचा आवाज तुटला, तरी ती गातच राहिली. शुवाईने ते जपून ठेवलं, एकदा लॅपटॉपमध्ये, एकदा पेनड्राइव्हवर. मग पहिली ओळ ऐकून पाहिली. आई होती. तिच्यामागे आपणही आहोत, हे ऐकून तिला कसंसंच झालं.

"झालं, आई. आता बोलू नकोस."

आई पाणी प्यायली. घोट गिळायला तिला वेळ लागला. मग तिने मायक्रोफोनकडे बोट दाखवलं.

"अजून एकदा. आता तू म्हण."

"मी? मला पुढे होऊन कधी म्हणता येतं का? मी तर नेहमी मागेच..."

"परवापासून पुढे कोण होणार आहे?"

शुवाईने घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "लाइट जाईल. दहा मिनिटं उरलीत."

"मग बोलत काय बसलीस?"

शुवाईने बटण दाबलं. पहिली ओळ तिने फार वर धरली, ती खाली आणली. दुसरीत एक शब्द चुकला. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. तिसरीचा शेवटचा स्वर शुवाईने जमेल तितका लांबवला आणि ती थांबली. पुढे काहीच नव्हतं. खोलीत इतकी शांतता होती की हेडफोनमध्ये तिला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येत होती.

आईने मांडीवरचे हात उचलले. ओंजळीसारखे पोकळ केले आणि एकमेकांवर आडवे मारले. एकदाच.

पडद्यावरची रेघ थेट लाल रंगात गेली. शुवाईचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि तिने चौथी ओळ धरली.