दोघींचं खातं

एक्स-रे काढायला आलेल्या आजोबांची छाती प्लेटला नीट टेकवून ताई काचेमागे आली, तेव्हा तिच्या फोनवर दुकानाचा निरोप येऊन पडला होता. ई-पुस्तकांचं ते दुकान महिनाअखेरीला बंद होणार होतं. विकत घेतलेली पुस्तकंही त्यानंतर उघडणार नव्हती.

"श्वास रोखा," ती म्हणाली आणि बटण दाबायचंच विसरली.

"सोडू का आता?" आजोबांनी कसंबसं विचारलं.

हॉस्पिटलात सगळेच तिला ताई म्हणत. पण हक्कानं ताई म्हणणारी एकच होती, तिची धाकटी बहीण. धाकटी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तेव्हा दोघींनी मिळून त्या दुकानात एक खातं उघडलं होतं. एकीनं पुस्तक घ्यायचं, दोघींनी वाचायचं. कोण कुठल्या पानावर पोचलं, त्याची खूण दुसरीला दिसायची.

पुढे एकदा धाकटी बॅग भरून ताईच्या दारात उभी राहिली. नवऱ्यानं हात उचलला होता. ताईनं तिला जेवू घातलं, शेजारी निजवलं आणि सकाळी समजावलं, "एकदा हात उठला म्हणून कुणी संसार मोडतं का? परत जा."

"ताई, थोडे दिवस राहू दे ना."

"आज राहिलीस की उद्या जाणं जड जाईल."

तिनं स्वतः नेऊन तिला गाडीत बसवलं. खिडकीतून धाकटी एवढंच म्हणाली, "पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

त्यानंतर धाकटीचा फोन लागेना. मग नंबरच बंद झाला. धीर करून ताईनं तिच्या नवऱ्याला फोन लावला. "सगळं ठीक ना?" तिनं विचारलं.

"आमचं आम्ही बघू. तुम्ही मध्ये पडायचं कारण नाही," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ताईच्या जिवाला घोर लागला. आणि मग एके दिवशी, अर्धवट राहिलेल्या एका कादंबरीतली धाकटीची खूण चार पानं पुढे सरकली. ताईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे पोचली. वाचतेय.

तेव्हापासून ताई नेमानं पुस्तकं घेत राहिली. स्वतःसाठी नाही, धाकटीसाठी. बोलणं नव्हतं, पण खूण सरकत होती. पूर्वी दोन बैठकींत पुस्तकाचा फडशा पाडणारी धाकटी आता एकेक पुस्तक महिना-महिना पुरवायची. संसारात पडल्यावर वेळ कुठला, ताई म्हणायची. कवितांना ती हात लावीनाशी झाली. भरल्या घराच्या, सासवा-सुनांच्या कादंबऱ्या मात्र शेवटपर्यंत वाचायची. माणूस बदलतं. वाचन व्हायचं ते नेहमी दुपारचं. दुपारी निवांत पुस्तक घेऊन बसायला मिळतं, याहून सुख ते काय?

"कधीकधी जवळच्यांशी कठोर व्हावं लागतं," हॉस्पिटलातल्या नर्सला ती सांगायची. "माझी धाकटी बघा. त्या दिवशी ठेवून घेतली असती तर? आज सुखानं नांदतेय."

आणि आता हा धागाच तुटणार होता.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं फाइली पाहून मान हलवली. "या त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. दुकान गेलं की कुलूप तुमच्याकडे राहील, किल्ली जाईल."

"अहो, पण विकत घेतलीत मी!"

"तसं तुम्हाला वाटलं, ताई. त्यांनी फक्त वाचू दिलं."

काही प्रकाशकांनी पुस्तकं मोकळी करून दिली होती. ती तिनं उतरवून घेतली. उरलेल्यांचे फोटो काढायचे ठरवलं. टॅब टेबलावर उभा करायचा, पान उलटायचं, फोटो काढायचा, पुढचं पान. कडेची एखादी ओळ कापली गेली की पुन्हा. लोकांच्या हाडांचे फोटो काढण्यात जन्म गेला होता, तरी अंगठा ठणकू लागला, मान धरली. रजा टाकून ती बसली. धाकटी सध्या वाचत होती ती जाडजूड कादंबरी तिनं आधी संपवली. अर्ध्यावर सुटायला नको.

दुकान बंद झालं, त्याच आठवड्यात ताईनं सगळी पुस्तकं एका पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि गाडी पकडली. रुसायला दोघी लागतात, पण रुसवा काढायला एक पुरे, असं वाटेत तिनं मनाला बजावलं. पहिलं वाक्य काय बोलायचं, तेवढं काही सुचेना.

दार धाकटीच्या सासूनं उघडलं. केस पार पांढरे झाले होते, कपाळावर चष्मा चढवलेला. तिनं ताईला ओळखलं, मग तिच्या खांद्यावरून मागच्या जिन्याकडे पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"हो, एकटीच." ताईनं पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. "पुस्तकं आणलीत मावशी. ते दुकान बंद झालं ना, म्हणून सगळी वाचवून ठेवली."

म्हातारीचा चेहरा फुलला. "म्हणजे ती पुस्तकं तू घालत होतीस? अगं, तिचा टॅब घरात नुसता पडून होता. मी आपली दुपारची घेऊन बसायचे. हळूहळू वाचते, डोळे कुठे साथ देतात? परवा ऐन रंगात आलेली कादंबरी बंद पडली बघ."

ताई उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिनं आत पाहिलं. खुर्ची होती, खुर्चीवर टॅब होता.

"मावशी," ती म्हणाली, "धाकटी कुठेय?"

म्हातारीनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"अगं, मला काय विचारतेस? बॅग भरून तुझ्याकडे म्हणून गेली, ती पुन्हा इकडे फिरकलीच कुठे?"