मालकिणीच्या मनगटावरचा पट्टा

खंडेनवमीला वत्सलाताईंनी आपल्या मनगटावरचा पट्टा सोडून नव्या मालकाच्या, भाच्याच्या, हाती बांधला. कारखान्यात कुणाला लागलं, की तीच कळ पट्ट्यातून मालकाच्या अंगात उठायची. पहिल्या वर्षी ताई रोज कळवळल्या. मग एकेका यंत्राला संरक्षक जाळी बसत गेली.

“आत्या, गेल्या अकरा वर्षांत काही दुखलं नाही ना? मग उद्यापासून हा कपाटातच ठेवतो,” श्रीरंग म्हणाला, आणि लगेच “आई गं!” म्हणत, अंगठा धरून जिना उतरला.

खाली यंत्रांसाठी झेंडूची माळ ओवताना कामगार पारूबाईंच्या अंगठ्याला सुई टोचली होती.

“एवढ्याशासाठी धावलात, साहेब?”

“एवढंसं? अहो, माझा जीव गेला! दाखवा बोट. आणि हा पट्टा आता माझ्याजवळच राहील.”

पहिल्या वर्षी ताईही अशाच धावायच्या. वर उभ्या राहून त्यांनी रिकाम्या मनगटावरून हात फिरवला. आज त्यांना काहीच दुखलं नव्हतं.