दिवसा दिसणारी ज्योत

टाकी थंड होती. दत्ताजीरावांनी दुसरा तळहात लावून पाहिला, मग कान लावला. आत काही म्हणता काही हलत नव्हतं. वर चिमणीच्या तोंडाशी मात्र हातभर पिवळी ज्योत भर दुपारी फडफडत होती.

"केम काका, ओळखते का तुमची टाकी तुम्हाला?" मॅनेजर हार्दिकभाई मागून आले. "मॅडम आल्या की फक्त उभं राहायचं. जुनी गोष्ट सांगायची. हार घालू, फोटो काढू, बस." आणि ते गेटकडे धावले.

नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या ऑपरेटरला कारखान्याने तरसालीहून गाडी पाठवून आणलं होतं ते याच्यासाठी. रंगांचा कारखाना विकला जात होता आणि घेणाऱ्यांना ही टाकी दाखवायची होती. कारखान्याचं विषारी पाणी या बंद, बिनहवेच्या टाकीत सोडायचं. आतल्या दगडांवर वाढलेले जिवाणू ते विष खातात आणि गॅस सोडतात. गॅस जळतोय म्हणजे टाकी जिवंत.

गाडीतून उतरताना त्यांचे डोळे भरून आले होते. बत्तीस वर्षांपूर्वी याच दगडांवर त्यांनी शेणकाला ओतला होता. तरसालीचे गोठे पालथे घालून, सायकलला डबे बांधून आणलेलं शेण. साहेब लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे. जिवाणूंना दत्ताजीराव 'मंडळी' म्हणत. दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद, पाणी नाही, म्हणजे मंडळी उपाशी. मग पाडव्यालासुद्धा दत्ताजीराव गुळाचं पाणी घेऊन टाकीवर हजर. "पोरांच्या आधी तुमच्या मंडळींचा फराळ!" म्हणून त्यांची बायको जिजाबाई करवादायची. पण गूळ तीच फोडून द्यायची.

त्या मंडळींच्या गॅसची ज्योत फिकट निळी. दिवसा दिसायचीच नाही. वरची हवा थरथरतेय का ते बघून ओळखायची.

ही ज्योत अर्ध्या बडोद्याला दिसली असती.

ते चिमणीमागे गेले. रबरी नळी. घरगुती लाल सिलिंडर.

"मंडळी मेली," ते म्हणाले.

"दीड वर्ष झालं, आजोबा."

लॅबच्या पांढऱ्या कोटात भक्ती उभी होती. त्यांच्या मुलीची मुलगी. पाण्याच्या रोजच्या अहवालावर सही तिचीच.

"नवं केमिकल आलं, त्याने मेली. परत वाढवायची तर चार महिने कारखाना बंद ठेवावा लागेल. कोण ठेवणार?"

"आणि पाणी?"

"नाल्यात."

"आणि सही तू करतेस!" दत्ताजीरावांचा हात उठला. "आपल्या घरात असली सही आजवर कुणी केली नाही. सांगतो त्या बाईंना तोंडावर."

"सांगा. माझी नोकरी जाईल, वर केसही माझ्यावरच होईल. सांगा." भक्ती जागची हलली नाही. "पण युक्ती तुमची आहे. उद्घाटनाला मंत्री आले तेव्हा तुमची मंडळी अजून रुजलीच नव्हती. तुम्ही मागून सिलिंडर जोडलात. दर गणपतीत सांगायचात, सगळं घर खो खो हसायचं. हार्दिकभाईंना ती गोष्ट मीच सांगितली."

उठलेला हात खाली आला.

"माझी मंडळी तीन महिन्यांत रुजली होती," ते पुटपुटले.

"त्या तीन महिन्यांत पाणी कुठे जात होतं, आजोबा?"

नाल्यात. दुसरीकडे कुठे जाणार? नाल्याकाठच्या विहिरी लाल झाल्या होत्या. एक म्हातारी कळशी घेऊन गेटवर आली होती, आतलं पाणी दाखवायला. वॉचमनने तिला हाकललं. दत्ताजीराव दहा पावलांवर होते. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. गणपतीतल्या गोष्टीत ही म्हातारी कधीच नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी सायकल आठवली, शेण आठवलं, गूळ आठवला. तेवढंच आठवायला बरं वाटत होतं.

घेणाऱ्या कंपनीच्या निरुपमा मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनीच हार घातला, वाकून नमस्कारही केला. मग मान वर करून त्या पिवळ्या ज्योतीकडे कौतुकाने पाहत राहिल्या.

"आजोबा, उद्घाटनाला तुम्ही पेटवलेली ज्योत ती हीच?"

हार्दिकभाईंनी फोटोसाठी मोबाइल वर धरला. दत्ताजीरावांनी नातीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. ते दोन पावलं सरकले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"हीच," ते म्हणाले. "तेव्हाही सिलिंडरचीच होती."