दुरुस्तीला आणलेलं

"इंजिन बंद कर, योरो. फांद्या हलतायत. तिदाच असणार."

वाटाड्याने सांगताच नावाडी योरोने इंजिन बंद केलं. गांबिया नदीच्या संथ पाण्यावर नाव तरंगत राहिली. बेटाचा काठ इतका जवळ होता, की लांब बांबू टेकवता आला असता. तरी मधलं पाणी पुरेसं होतं. चिंपांझींना पोहता येत नाही आणि माणसाने बेटावर उतरायचं नाही.

नावेत पाहुणी एकच, कुम्बा जूफ. बांजुलच्या दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं करून निवृत्त झालेली आणि आता देश बघायला निघालेली. सकाळी वासू गावची प्राचीन दगडी वर्तुळं बघून आली होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे एका उभ्या दगडाच्या माथ्यावर तिने खडा ठेवला होता आणि मागितलं होतं, की चिंपांझी अगदी जवळून दिसावा. ती सेरेर आणि वाटाड्या अन्सु सान्यांग जोला. या दोन जमातींचं थट्टेचं नातं फार जुनं, त्यामुळे ओळख झाल्यापासून बाईंचं तोंड बंद नव्हतं.

"भाताचं पातेलं माझ्या पायाशी ठेव, योरो," ती म्हणाली. "जोला माणूस नावेत आहे."

"जूफबाई, तुम्ही वाढल्याशिवाय आम्ही कुठे खातो?"

"मग! गडीच तुम्ही आमचे. मी हुकूम सोडायचा आणि तू ऐकायचा. माझ्या आजीपासून असंच चालत आलंय." अन्सु खोखो हसला. या हुकमाला नाही म्हणायचं नसतं. निदान तोंडदेखलं तरी उठायचं असतं.

फांद्या अजून हलत होत्या. तेवढ्या वेळात त्याने आपली आवडती गोष्ट सुरू केली. तिदा शिकाऱ्याच्या पोत्यात सापडली, तेव्हा तळहातापेक्षा थोडी मोठी होती. अनाथ चिंपांझी सांभाळायच्या छावणीत तिला त्याने बाटलीने दूध पाजलं, चार वर्षं पोटाशी घेऊन झोपला, मग या बेटावर सोडली. छावणीत असताना भारी तोडफोड करायची. मग मोडलेली वस्तू घेऊन त्याच्याकडेच यायची. कप, चपलेचा पट्टा, एकदा तर चेंदलेला आंबा. वस्तू त्याच्यापुढे ठेवायची आणि हात पुढे करून बसायची.

"मग मी म्हणायचो, पाठ फिरव. बघितलं तर दुरुस्त होत नाही. ती पाठ फिरवून बसली, की मोडकं पेटीत टाकायचो आणि तसंच नवं काढून ठेवायचो. वळून बघायची तर कप धड. काय खूश व्हायची!"

"म्हणजे लबाडी केलीस पोरीशी."

"लबाडी कसली? पोरीचा जीव रमायचा." तो पुन्हा हसला.

पानं बाजूला झाली आणि तिदा काठावर आली. नावेकडे तिने पाहिलंही नाही, पाहिलं ते अन्सुकडे. तिच्या हातात तिचं पिल्लू होतं, पहिलंच. मागच्या पौर्णिमेला त्याने ते दुरून पाहिलं होतं आणि छावणीभर सगळ्यांना चहा पाजला होता. आज त्या पिल्लाची मान मागे लोंबत होती. भोवती माश्या घोंघावत होत्या.

कुम्बाने एकदाच पाहिलं. "गेलंय ते, सान्यांग," ती हळू म्हणाली. "तीन दिवस तरी झाले असतील."

तिदाने पिल्लू दोन्ही हातांनी पुढे धरलं. पाण्याच्या कडेपर्यंत आली, पाय भिजले तशी थांबली. तोंडातून बारीक हुंकार काढत राहिली. लहानपणी भूक लागली की हाच आवाज काढायची. 

"उतर," कुम्बा म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "घे ते तिच्याकडून. जवळ बस तिच्या. माझा हुकूम आहे, सान्यांग."

अन्सु सवयीने उठला. नाव डुलली. तो पुन्हा खाली बसला.

"उतरता येत नाही, जूफबाई."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो."

काठावरच्या झाडावर 'उतरू नका' अशी पाटी होती. तिचे खिळे त्यानेच ठोकले होते. सहा वर्षांपूर्वी तिदा आजारी दिसली म्हणून तो औषध घेऊन असाच उतरला होता. त्याचं स्वतःचं नाक जरा वाहत होतं, एवढंच. तिदा वाचली. पण महिन्याभरात बेटावरचे तिघे खोकून खोकून मेले. नवख्या तिदाला पदरात घेणारी म्हातारी मादी त्यांतच गेली. तेव्हापासून तो तिला नावेतूनच बघत आला होता.

"तिदा," त्याने हाक मारली.  बाटलीने दूध पाजणारे त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते. आपण किती निकामी आहोत, हे त्याला आयुष्यात इतकं कधी कळलं नव्हतं.

तिदाने थोडा वेळ वाट पाहिली. मग पिल्लू कडेच्या सपाट खडकावर ठेवलं. त्याचा लोंबता हात उचलून छातीवर नीट ठेवला. दोन पावलं मागे सरली आणि नावेकडे पाठ फिरवून बसली.

"रुसली का रे?" कुम्बाने विचारलं.



"अन्सु, नाव पाणघोड्यांच्या डोहाकडे वाहत चाललीय," योरो खालच्या आवाजात म्हणाला. "निघायला हवं."

अन्सुने मान हलवली. योरोने दोरी ओढली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि सुरू झालं, झाडावरचे बगळे उडाले. नाव वळली, लांब गेली, बेट अर्धं दिसेनासं झालं. तिदाने एकदाही मागे पाहिलं नाही. बघितलं तर दुरुस्त होत नाही, हे तिला ठाऊक होतं.